१/३५ चा सेंच्युरियन रंगवायचा कसा आणि मळवायचा कसा, पहिल्यांदाच टँक करणाऱ्यांसाठी

प्लॅस्टिकच्या मॉडेलचं किट (१/३५, म्हणजे खऱ्या टँकच्या पस्तिसाव्या भागाएवढं) जोडून झालंय, टँक टेबलावर उभा आहे, सगळा एकाच रंगाच्या प्लॅस्टिकचा, आणि आता पुढे काय हे कळत नाहीये, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. उदाहरण म्हणून सेंच्युरियन घेतलाय कारण आपल्याकडे या टँकची ओढ बऱ्याच जणांना असते. पूना हॉर्स ही आपली रणगाडा रेजिमेंट १९६५ च्या युद्धात याच टँकवर लढली, लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर त्याच लढाईत १६ सप्टेंबरला गेले, आणि १९७१ ला बसंतर नदीच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल गेले ते पण सेंच्युरियनमध्येच, १६ डिसेंबरला. दोघांनाही परमवीर चक्र. ज्याने हे वाचलंय त्याला हा टँक निव्वळ शोपीस म्हणून करावासाच वाटत नाही, नीट करावासा वाटतो. तुमचं किट शर्मनचं किंवा टी-५५ चं असलं तरी पायऱ्या त्याच आहेत.

ब्रश हातात घ्यायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. टँक लढाईत गंजत नाही, मळतो. डिसेंबर १९७१ ची लढाई दोन आठवड्यांची. दोन आठवड्यांत चिलखताचा रंग उडून खाली लाल गंज चढत नाही, पण चिखल, धूळ, तेल, बुटांचे ठसे आणि एक्झॉस्टची काजळी भरपूर चढते. नवीन मुलं सगळ्यात जास्त चुकतात ती इथेच, टँकच्या प्रत्येक कडेला चंदेरी ओरखडे आणि गंजाचे ओघळ काढतात आणि तो भंगारातून आणल्यासारखा दिसायला लागतो. प्रत्येक डाग रंगवताना स्वतःला विचारायचं, हा इथे का पडला असेल? उत्तर नसेल तर तो डाग रंगवायचा नाही.

आधी नुसतं बघा

जमलं तर नगरचं रणगाडा संग्रहालय बघून या (आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात नगरच आहे). आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ ला सुरू केलेलं आहे, सेंच्युरियन, पॅटन, शर्मन सगळे एका जागी बघायला मिळतात. सेंच्युरियनच्या बाजूने हळूहळू चालत जा आणि बघा माणूस वर चढेल तर पाय कुठे ठेवेल, पाणी कुठून वाहील, माती कुठे अडकेल. पण तिथला रंग मात्र जसाच्या तसा उचलू नका, प्रदर्शनातल्या टँकला वेळोवेळी नवा रंग दिलेला असतो आणि तो चालत्या टँकपेक्षा गडद आणि चकचकीत दिसतो. आकार तिथून घ्या, मळ जुन्या युद्धाच्या फोटोंमधून घ्या. फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी धूळ कुठपर्यंत चढलीय ते त्यात रंगीत फोटोपेक्षा स्पष्ट कळतं.

धुणं आणि प्राइमर

भांडी घासायच्या लिक्विडचे दोनतीन थेंब कोमट पाण्यात टाकून जुन्या टूथब्रशने सगळा टँक हलक्या हाताने धुवा. साच्यातून सुटायला लावलेलं तेल आणि आपल्या बोटांचं तेल, दोन्हीवर रंग धरत नाही. मग रात्रभर वाळू द्या, हेअर ड्रायर नको, प्लॅस्टिक वाकतं.

प्राइमर, म्हणजे रंग धरावा म्हणून मारायचा पहिला थर, मॉडेलचाच घ्या, तामियाचा किंवा मिस्टर सर्फेसरचा कॅन, करडा रंग. साधारण २० सेंटीमीटरवरून, कॅन मॉडेलच्या बाहेर चालू करायचा आणि पलीकडे गेल्यावर बंद करायचा, म्हणजे सुरुवातीचा मोठा थेंब मॉडेलवर पडत नाही. पहिला हात इतका पातळ की खालचं प्लॅस्टिक दिसलं पाहिजे. दहापंधरा मिनिटांनी दुसरा. करड्या रंगावर जोडाच्या फटी आणि गोंदाचे डाग लगेच दिसतात, ते आत्ताच पुटी लावून ६०० आणि मग १००० च्या पॉलिश पेपरने घासून घ्या, नंतर काही करता येत नाही.

हार्डवेअरच्या दुकानात जो एनसी थिनर मिळतो तो मॉडेलच्या आसपास पण आणू नका. माझ्या दुसऱ्याच मॉडेलवर मी ब्रश धुवायचा थिनर म्हणून तो वापरला आणि ओल्या ब्रशने टरेटवरचा (तोफेच्या फिरत्या घुमटावरचा) एक हँडल आणि झाकणाची कड मेणासारखी वितळली. दोन महिन्यांचं काम होतं ते, आणि अजून आठवलं की वाईट वाटतं. तो पॉलिस्टायरीन खातो, म्हणजे आपल्या किटचं प्लॅस्टिकच खातो.

आणि पावसाळा. पुण्यामुंबईत जुलैमध्ये हवेत इतका दमटपणा असतो की लॅकरचा प्राइमर किंवा मॅट क्लिअर (बिनचमकीचं पारदर्शक वार्निश) मारला की पांढरट धुकं बसल्यासारखं होतं. मुसळधार पाऊस चालू असेल त्या दिवशी स्प्रे करूच नका, दोन दिवस थांबा, ऊन पडलेली दुपार बघा. आणि स्प्रे कुठलाही असो, खिडकी उघडी आणि तोंडावर फिल्टरवाला मास्क हवाच, कापडी मास्कने वाफ अडत नाही.

मूळ हिरवा

रंग तीन जातींचे मिळतात. तामियाचे ॲक्रिलिक एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनने) फार सुंदर बसतात पण हाताने ब्रशने मारले तर दुसरा हात पहिल्याला उचलून काढतो. वायेहोसारखे पाण्यावरचे ॲक्रिलिक ब्रशने छान बसतात. इनॅमल दोन्हीकडे चालतात पण वाळायला वेळ लागतो. तुमच्याकडे एअरब्रश नसेल तर वायेहो घ्या आणि मन लहान करू नका, ब्रशने केलेले उत्तम टँक मी पाहिलेत. फक्त रंग दुधासारखा पातळ करायचा, चपटा मऊ ब्रश घ्यायचा, आणि तीनचार हात मारायचे, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर. पहिला हात झाल्यावर टँक भयंकर दिसतो, डाग डाग, तिथे घाबरून लगेच जाड थर मारायचा नाही.

एअरब्रश असेल तर ०.३ चा नोझल, १५ ते २० पीएसआय प्रेशर, तामियाला त्याचाच एक्स-२०ए थिनर, एक भाग रंगाला एक ते दीड भाग थिनर. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर लावलाच पाहिजे, आपल्या हवेत तर नक्कीच, नाहीतर मधूनच पाण्याचा थेंब थुंकतो.

शेड कुठली घ्यायची यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं सरळ मत असं आहे की सैन्याचा ऑलिव्ह ग्रीन उन्हात, धुळीत, वेगवेगळ्या खेपेच्या डब्यांत कधीच एकसारखा राहत नाही, त्यामुळे एकच बरोबर बाटली शोधत बसू नका. मी तामियाचा एक्सएफ-६२ ऑलिव्ह ड्रॅब आणि एक्सएफ-६१ डार्क ग्रीन अंदाजे निम्मानिम्मा घेतो आणि त्यात थोडा एक्सएफ-५७ बफ टाकून हलका करतो. हलका का, तर खरा टँक साडेसात मीटरच्या वर लांब आहे, आपला हातभर पण नाही, आणि लहान वस्तूवर तोच रंग डोळ्याला जास्त काळपट दिसतो, वर वॉश (फटींत सोडायचा अगदी पातळ गडद रंग) आणि तेलाचे थर बसले की तो अजून गडद होणार. म्हणून या टप्प्यावर टँक तुम्हाला थोडा फिकट वाटला पाहिजे.

मूळ रंग वाळला की त्याच मिश्रणात अजून थोडा बफ घालून टरेटचं छत, इंजिनची झाकणं, फेंडरवरच्या (ट्रॅकवरच्या पत्र्यावरच्या) पेट्यांची तोंडं, म्हणजे जिथे जिथे आभाळ थेट दिसतं तिथे मधोमध हलका फवारा द्या, कडा सोडून. ब्रशवाल्यांनी हेच काम पुढे ऑइल कलरने करायचं, ते जास्तच चांगलं होतं.

चाकांचे रबर शुद्ध काळे रंगवू नका. एक्सएफ-८५ रबर ब्लॅक किंवा काळ्यात थोडा करडा. सेंच्युरियनला एका बाजूला सहा चाकं, दोन बाजूंची बारा, आणि प्रत्येक जोडीची म्हणजे दुप्पट वर्तुळं, हे काम कंटाळवाणं आहे. शाळेच्या भूमितीच्या सामानात वर्तुळांची प्लॅस्टिकची पट्टी मिळते ती चाकावर ठेवून मधला हिरवा फवारला की काम पटापट होतं. आणि बाजूला स्कर्टच्या, म्हणजे चाकं झाकणाऱ्या, प्लेट लावणार असाल तर चाकांचा आणि ट्रॅकचा वरचा अर्धा भाग दिसतच नाही, तिथे जीव काढू नका.

चकचकीत थर, नंबर आणि त्याचं कारण

आता अख्ख्या टँकवर ॲक्रिलिकचा ग्लॉस क्लिअर मारायचा, तामियाचा एक्स-२२ चालतो. टँक खेळण्यासारखा चमकायला लागतो आणि नवीन माणसाला वाटतं सगळं बिघडलं, पण हा थर दोन कामं करतो. एक, मॅट रंग खडबडीत असतो, त्यावर डिकॅल (किटमधलं नंबर-खुणांचं पातळ स्टिकर) लावला तर खाली हवा अडकून चंदेरी चट्टा दिसतो, गुळगुळीत थरावर तो चिकटून बसतो. दुसरं, पुढचा वॉश यावरून झरझर वाहतो आणि चुकला तर पुसता येतो. २४ तास वाळू द्या.

बऱ्याच किटमध्ये भारतीय खुणा नसतात, ब्रिटिश किंवा इतर देशांच्या असतात. फोटो बघून हाताने रंगवा किंवा मास्किंग टेपमधून अक्षर कापून घ्या. आपल्या सैन्याच्या गाडीच्या नंबरात वर टोक असलेला बाण असतो तो विसरू नका. नंबरासाठी शुद्ध पांढरा न घेता त्यात थेंबभर बफ टाका, नाहीतर नंबर टँकपासून सुटा सुटा दिसतो.

वॉश, इथून टँक जिवंत व्हायला लागतो

महागडे तयार वॉश मिळतात, पण कॅमलच्या ऑइल कलरच्या दोन ट्यूब, बर्न्ट अंबर आणि आयव्हरी ब्लॅक, यात तुमचे दहा टँक होतील. रंग आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढून तासभर ठेवा, पुठ्ठा जवसाचं तेल शोषतो, मग रंग लवकर वाळतो आणि चमकत नाही. मग चित्रकलेच्या दुकानातलं बिनवासाचं मिनरल स्पिरिट घेऊन त्यात तो विरघळवा, चहाइतका पातळ. तीन भाग अंबर, एक भाग काळा.

आता नुसता काळाभोर वॉश सगळ्या टँकवर ओतायचा नाही. बारीक टोकाचा ब्रश, त्यावर थोडासा रंग, आणि फक्त फटी, बोल्टच्या कडा, बिजागऱ्या, वेल्डच्या रेघा, तिथे टोक टेकवायचं, रंग आपोआप फटीत पळतो. अर्ध्या तासाने स्वच्छ स्पिरिटमध्ये किंचित ओला केलेला ब्रश घ्या आणि बाहेर आलेला रंग पुसा, उभ्या भागावर वरून खाली, आडव्या भागावर फटीच्या दिशेने. ॲक्रिलिक खाली आणि तेलाचा वॉश वर, म्हणून खालचा रंग सुटत नाही. उलटं केलंत, इनॅमलवर इनॅमलचा वॉश, तर सगळं एकत्र होईल. आणि स्पिरिटची तळी साचू देऊ नका, रंग न पोचलेल्या जोडामधून आत गेलं तर ताण असलेलं प्लॅस्टिक तडकतं, चाकं धरणारे सस्पेन्शनचे दांडे हमखास.

वॉश वाळल्यावर (साधा एक दिवस, पावसाळ्यात दोनतीन) ऑइल कलरचेच टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके टरेटवर आणि स्कर्टवर ठेवा, पांढरा, यलो ऑकर, अंबर, थोडा हिरवा. स्पिरिटने ओलसर केलेल्या चपट्या ब्रशने वरून खाली ओढत ते जवळजवळ नाहीसे करा. जवळजवळ, पूर्ण नाही. उन्हाने उडालेला रंग, पावसाने खाली आणलेली धूळ, हे सगळं यातून येतं आणि एकरंगी हिरव्याला खोली येते. माझा सगळ्यात आवडता टप्पा हाच आहे, एका प्लेटला अर्धा तास द्या, घाई करू नका, प्रत्येक स्कर्टची प्लेट शेजारच्या प्लेटपेक्षा किंचित वेगळी दिसली पाहिजे, एखादी थोडी पिवळसर, एखादी काळपट.

ओरखडे, थोडेच

हिशेब करा. १/३५ मध्ये एक मिलिमीटर म्हणजे खरे साडेतीन सेंटीमीटर. तुम्ही तीन मिलिमीटरचा ओरखडा काढलात तर खऱ्या टँकवर तळहाताएवढा रंग उडालाय. म्हणून पॅकिंगच्या फोमचा तुकडा फाडून, गडद तपकिरी रंगात बुडवून, तो कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपून मग नुसता टेकवायचा. कुठे, तर झाकणांच्या कडा, पेट्यांचे कोपरे, फेंडरची पुढची कड, आणि ड्रायव्हर चढतो तिथे. सेंच्युरियनचा ड्रायव्हर पुढे उजवीकडे बसतो, म्हणजे उजव्या बाजूला पायांची झीज जास्त, डावीकडे कमी. दोन्ही बाजू सारख्या झिजवल्या की बघणाऱ्याला का ते सांगता येत नाही पण खोटं वाटतं. चंदेरी रंग वापरूच नका, झाकणांच्या कडांवर आणि मशीनगनवर मऊ पेन्सिलचं शिसं बोटाने घासलं की घासलेल्या लोखंडाची चमक येते, तेवढी पुरे.

गंज कुठे दाखवायचा तर मागच्या फेंडरवरच्या एक्झॉस्टवर, तिथला पत्रा पातळ आणि सतत तापणारा. बर्न्ट सिएना आणि अंबर फोमने ठिपके देत, वर थोडी काजळी. इंधनाच्या झाकणाजवळ मात्र डिझेलच्या गाडीसारखे काळे तेलकट ओघळ नकोत, सेंच्युरियनचं मिटिऑर इंजिन पेट्रोलवर चालायचं, पेट्रोल उडून जातं आणि धुळीत पुसट गोल खूण ठेवतं. काळं चमकदार तेल इंजिनच्या झाकणांवर आणि चाकांच्या मध्यावर, तेही एकदोन ठिकाणी.

माती

मातीचा रंग तुमच्या अंगणातल्या मातीवरून ठरवू नका. आपल्या डोळ्यासमोर कोकणातली जांभ्याची लाल माती असते नाहीतर देशावरची काळी. बसंतर, शकरगढ, सियालकोट हा सगळा नद्यांनी आणलेल्या गाळाचा मैदानी भाग, तिथली माती वाळली की फिकट भुरकट राखाडी आणि ओली झाली की गडद तपकिरी. लाल चिखलातला बसंतरचा टँक कितीही सुबक केला तरी तो बसंतरचा राहत नाही.

मातीच्या आधी सगळीकडे मॅट क्लिअर मारा. क्रम महत्त्वाचा आहे, पिगमेंट (धुळीसाठीची रंगाची कोरडी पूड) आधी आणि मॅट नंतर केलं तर धूळ ओली होऊन दिसेनाशी होते.

पिगमेंटच्या तयार बाटल्या मिळतात, नाहीतर सॉफ्ट पेस्टलचे खडू (तेलाचे नव्हे) पॉलिश पेपरवर घासून पूड करा, ऑकर, करडा, अंबर, पांढरा मिसळून तीन शेड बनवा. पूड उडते, मास्क लावा आणि पंखा बंद करा. जाड चिखलासाठी गडद शेड, थोडं बारीक चाळलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस आणि ॲक्रिलिक मॅट मीडियम असं घट्ट करून चाकांच्या मधे, पुढच्या फेंडरच्या पोटात, स्कर्टच्या मागे आणि खालच्या कडेला जुन्या ब्रशने भरा, थोडं ब्रशवर घेऊन टूथपिकने शिंतोडे उडवा, उडण्याची दिशा ट्रॅक फिरतो त्याच दिशेची, म्हणजे मागे आणि वर. वाळल्यावर त्याच्या वरच्या भागात मधली शेड, कडांना सगळ्यात फिकट शेड, कारण पातळ चिखल आधी वाळतो. मग कोरडी पूड आडव्या जागांवर, कोपऱ्यांत, पेट्यांच्या मागे, नुसती ठेवायची आणि ब्रशच्या टोकाने स्पिरिटचा थेंब बाजूला टेकवायचा, तो पुडीत आपोआप शिरतो. ओलं असताना सगळं काळं आणि जास्त दिसेल, हात लावू नका, वाळल्यावर बघा. जास्त झालं तर ओल्या इअरबडने काढता येतं.

टरेटवर चिखल नको, तिथे फक्त धूळ आणि बुटांची माती. चिखल खाली जाड आणि वर जाताना विरळ, एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं.

ट्रॅक शेवटी. सेंच्युरियनचे ट्रॅक पूर्ण पोलादी, रबरी पॅड नाहीत, म्हणून आधी गडद तपकिरी-करडा रंग, त्यावर वॉश, मग मातीची पूड सगळीकडे चोळून स्पिरिटने बसवायची, आणि वाळल्यावर जमिनीला लागणारा उंचवटा आणि आतून चाक घासतं ती पट्टी, एवढ्याच जागी शिसं घासायचं. बाकी ट्रॅक मातीच्याच रंगाचा राहू द्या. मऊ विनाइलचे ट्रॅक असतील तर रंगवायच्या आधी साबणाने नक्की धुवा आणि बसवताना फार ताणू नका, नाहीतर रंगाला भेगा जातात.

अँटेना सगळ्यात शेवटी लावा, आधी लावलीत तर ती तुटणारच. आणि पूड बसवलेल्या जागांना बोट लागलं की ठसा उठतो, म्हणून टँक उचलायचा तर टरेटला किंवा स्कर्टला न धरता लाकडी फळीवर ठेवून फळीच उचला, पावसाळ्यात तर काचेच्या पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवा.